रिकाम्या रकान्यातलं आडनाव

आनंदनगरच्या कारखान्यात मी कामगारांची माहिती संगणकावर सांभाळायचो. आमच्या हुशार साहेबांनी, अर्थातच कुणाला न विचारता, एक फंक्शन लिहिलं: आडनावाचा रकाना रिकामा दिसला की वरच्या ओळीतलं आडनाव तिथे भरायचं.

पॅकिंगमधल्या मावशींनी नवऱ्याला सोडलं तेव्हाच त्याचं आडनावही सोडलं होतं. यादीत त्यांच्या वर होते उल्हासनगरचे सिंधी ठेकेदार. त्या ठेकेदारांचं आडनाव छापलेलं नवं ओळखपत्र घेऊन मावशी थेट साहेबांपुढे उभ्या राहिल्या.

"लग्न लावलंत, मग जेवण कुठाय?"

साहेब गंभीरपणे म्हणाले, "मावशी, सिस्टीमने केलंय ते."

"मग सिस्टीमकडूनच घटस्फोट आणा. एक आडनाव मोठ्या मुश्किलीने सुटलंय माझं."

नवं कार्ड हातात पडेपर्यंत त्या तिथून हलल्या नाहीत. पुढच्या मीटिंगमध्ये साहेबांनी उदार मनाने त्या फंक्शनचं सगळं श्रेय मला देऊन टाकलं.