घर बघायला आलेली

खालापूरजवळच्या राखीव रानात मी दर रविवारी सुगरण पक्ष्यांची घरटी मोजायला जात असे. विहिरीवर झुकलेल्या शिंदीच्या झाडाला बरीच घरटी लोंबत होती. त्यांतली सात अर्धवट. ती मी वहीत ‘सोडून दिलेली’ म्हणून लिहीत होतो.

“सोडून नाय दिलेली. तिनं नाकारली,” मागून आवाज आला.

कडेला गवत कापणारी एक बाई होती. तिनं माझं नाव विचारलं नाही, मीही तिचं नाही. ती थेट झापायलाच लागली. दुर्बीण माझ्या गळ्यात होती, पण दिसत सगळं तिला होतं.

“घर नर बांधतो. अर्ध्यावर आलं की मादी बघायला येते. ती बघा, आली.”

मादी घरट्यात शिरली, दोन-चार काड्या ओढून पाहिल्या. बाहेर नर पंख फडफडवत नुसता गयावया करत होता. ती सरळ शेजारच्या घरट्याकडे उडाली.

“बरं केलंस गं बये!” बाईनं विळा काखेत धरून टाळी वाजवली. “वीण ढिली हाय मेल्याची.”

मी निमूटपणे खोडून ‘नापसंत’ लिहिलं आणि विचारलं, “मावशी, तुम्ही पाहिलं होतं का सासरचं घर?”

“मला कोन दाखवनार? त्यांनीच मला बघितली.” तिनं विळ्यानं शेतापलीकडचं घर दाखवलं. अर्धाच स्लॅब, वर गंजलेल्या सळया. “पुढल्या साली पुरं करतो म्हनाला नवरा. आता नातू झाले.”

त्या सळयांकडे बघून ती हसली.

“सात नाय, आठ लिवा. फक्त आठव्यातली उडाली नाय.”