थापाड्या

घरात सगळे त्याला थापाड्या म्हणत. नाव थोरल्या भावानं ठेवलं होतं, तेही सायकल दुरुस्तीच्या दुकानात. वडील पंक्चर शोधायला ट्यूब टबातल्या पाण्यात बुडवायचे, बुडबुडे वर यायचे, आणि हा गिऱ्हाइकाला रंगवून सांगायचा की टबाच्या तळाशी एक यान बुडालंय आणि आतली माणसं अजून श्वास घेतायत. गिऱ्हाईक हसायचं, वडीलही हसायचे. दादा मात्र पुस्तकातून मान वर न करता म्हणायचा, "थापाड्या आहे तो. लक्ष देऊ नका." ते नाव त्याला जे चिकटलं ते कायमचं.

दादा हुशार. शाळेत पहिला, कॉलेजात पहिला आणि तिथून थेट प्रक्षेपण केंद्रात इंजिनिअर. धाकट्याला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला नाही. तो एका दैनिकात मुद्रितं तपासायला लागला. दिवसभर दुसऱ्यांच्या वेलांट्या नीट करायच्या आणि घरी येऊन स्वयंपाकघरातल्या टेबलावर स्वतःच्या विज्ञानकथा लिहायच्या, असा त्याचा दिनक्रम. एका मासिकानं त्याची कादंबरी क्रमशः छापायला घेतली तेव्हा तो हवेतच होता. मंगळाकडे निघालेलं जहाज आणि त्यावरची भांडखोर माणसं, अशी ती गोष्ट होती. आईनं पहिला अंक शेजारपाजारच्या चार घरांत फिरवून आणला.

त्याच सुमारास दादा सुट्टीवर आला, बरोबर केंद्रातले दोन सहकारी होते. चहा झाला. कोणी तरी मासिक उचललं. दादानं ते हातातून घेतलं आणि उभं राहून मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. यानाचा स्फोट होतो आणि त्याचा कानठळ्या बसवणारा आवाज लांबच्या दुसऱ्या यानातल्या लोकांना ऐकू येतो, असा प्रसंग होता. दादानं तो दोनदा वाचला. सहकाऱ्यांच्या डोळ्यांत हसून हसून पाणी आलं. पोकळीत आवाज! थापाड्या दारात ट्रे घेऊन उभा होता. तो कपबश्या गोळा करून आत गेला आणि नळ सोडून त्या विसळत बसला, स्वच्छ झाल्या तरी विसळतच राहिला.

तेवढ्यावर भागलं असतं तरी एखादे वेळी तो विसरला असता. पण पुढचा अंक आला तो त्याच्या प्रकरणाशिवाय. त्याच्या पुढचाही तसाच. तो मासिकाच्या कचेरीत गेला. संपादक सज्जन गृहस्थ होते, खोटं बोलणं त्यांना जमेना. चष्मा पुसत त्यांनी सांगून टाकलं की तुमच्या थोरल्या बंधूंचाच फोन होता. केंद्रात आपलं हसं होतंय, असलं काही छापू नका म्हणाले. एवढा मोठा तज्ज्ञ माणूस, त्यात सख्खा भाऊ. आम्ही काय करणार?

जिना उतरताना त्याला रडूबिडू आलं नाही. त्यानं डूख धरला. आणि डूख धरावा तर त्यानंच. रोज सकाळी दात घासावेत तितक्या नियमानं त्यानं तो पुढची कित्येक वर्षं जपला.

पहिलं काम त्यानं केलं ते अभ्यासाचं. रॉकेट कशानं उडतं, कशानं पडतं, इंधन टाकीतून इंजिनापर्यंत कसं जातं, यान कक्षेत कसं टिकतं, सगळं मुळापासून. केंद्रातून निवृत्त झालेल्या तंत्रज्ञांशी ओळखी काढल्या, त्यांच्या नातवंडांचे वाढदिवससुद्धा तो चुकवत नसे. हळूहळू दैनिकात त्याचं अवकाशावरचं सदर सुरू झालं. भाषा अशी सोपी की भाजीवालीनंही उड्डाण कसं झालं ते दुसऱ्या बाईला समजावून सांगावं. कादंबऱ्याही आल्या, आणि चांगल्या खपल्या.

प्रत्येक कादंबरीत एक मुख्य इंजिनिअर असे. उंच, गर्विष्ठ, बोलताना मान वर न करणारा. आणि तो हमखास मरे. एकीत तो गोठला, एकीत होरपळला, एकीत सगळे त्याला चंद्रावर विसरून आले. वाचकांना ती गंमत वाटायची. खरी गोष्ट ओळखली ती फक्त वहिनीनं. नवं पुस्तक आलं की तिचा फोन ठरलेला. "भाऊजी, यंदा ह्यांना कसं मारलंत?" ती हसत विचारायची. हाही हसायचा. दादा असली पुस्तकं वाचत नाही, एवढं तिनं एकदा सांगितलं होतं.

मग ते मोठं उड्डाण आलं. केंद्राचं सगळ्यात वजनदार रॉकेट, आणि त्याचं वरच्या टप्प्याचं इंजिन दादाच्या विभागाचं. सकाळी लखलखीत उन्हात ते वर गेलं, खालचा टप्पा व्यवस्थित सुटला, आणि वरचं इंजिन पेटलंच नाही. सगळा डोलारा समुद्रात पडला. केंद्रानं दोन ओळींचं निवेदन काढलं, तांत्रिक बिघाड, चौकशी चालू आहे. बाकी सगळे मूग गिळून गप्प.

थापाड्याला मात्र माहिती मिळाली. एका तंत्रज्ञानं सांगितलं की अतिथंड इंधनाच्या गारठ्यानं त्याची झडप अडकली. तिची रचना शेवटच्या घटकेला बदलली होती, आणि बदलल्यावर थंडीतली चाचणी पुन्हा घ्यायला हवी होती. खालच्या लोकांनी तसं म्हटलंही होतं. पण उड्डाणाची तारीख पुढे गेली असती, म्हणून विभागप्रमुखानं सांगितलं, गरज नाही. दुसऱ्या एकानं तेच सांगितलं. तिसऱ्यानंही दुजोरा दिला.

विभागप्रमुख म्हणजे दादा.

आईला कुठून तरी कुणकुण लागली. तिनं त्याला बोलावून घेतलं, शेजारी बसवलं आणि एवढंच म्हणाली की लिहिणारे दुसरेही असतील, तूच कशाला? तो म्हणाला, बघतो. तिथून उठून तो थेट कचेरीत गेला आणि दादाला फोन लावला.

"नमस्कार साहेब. मी दैनिकातून बोलतोय. रॉकेटच्या अपघाताबद्दल आपली प्रतिक्रिया हवी होती."

"नाटकं करू नकोस. काय आहे?"

"थंडीतली चाचणी आपण रद्द केलीत, असं आम्हाला कळलंय. हे खरं आहे का?"

"तुला कोणी सांगितलं?"

"म्हणजे आपण नाकारत नाही, असं लिहू?"

दादाचा आवाज उतरला. असा उतरलेला आवाज थापाड्यानं जन्मात ऐकला नव्हता. "अरे, चौकशी होऊ दे. माझ्या हाताखाली पोरं आहेत, त्यांना हाकलतील. थोडा थांब. तुला माझ्याकडून हवंय तरी काय?"

या प्रश्नाची त्यानं अर्धं आयुष्य वाट बघितली होती. तो म्हणाला, "माझी पहिली कादंबरी. तू संपादकांना फोन करून बंद पाडलीस ती."

"कुठली कादंबरी?" दादानं विचारलं. तो बनाव करत नव्हता. त्याला खरोखरच आठवत नव्हतं. "मी कुणाला फोन केला होता?"

थापाड्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. माफी मागितली असती तर कदाचित तो विरघळला असता. दादा चिडला असता, तू त्याच लायकीचा होतास म्हणाला असता, तरी चाललं असतं. पण ज्यासाठी आपण इतकी वर्षं जळलो, ते या माणसाच्या लक्षातही नाही! "प्रतिक्रिया देण्यास नकार, असं लिहितो," म्हणून त्यानं फोन ठेवला आणि टंकायला बसला. त्या लेखात एकही शब्द खोटा नव्हता, एकही वाढवलेला नव्हता. ही खबरदारी त्यानं मुद्दाम घेतली. झडप म्हणजे काय, ती का अडकते, चाचणी का घ्यायची असते आणि ती कोणी घेऊ दिली नाही, हे त्यानं शाळकरी मुलालाही कळेल असं लिहिलं. विभागप्रमुखाचं नाव पूर्ण छापलं. आडनाव तेच असल्यानं तळाशी एक ओळ टाकायची सूचना वरून आली. "लेखक हे संबंधित अधिकाऱ्याचे धाकटे बंधू आहेत." ती ओळ त्यानं आनंदानं टाकली.

चौकशीत तेच निघालं. दादाला प्रशिक्षण विभागात बसवलं. तिथं नव्यानं लागलेल्या मुलांना सुरक्षिततेचे नियम शिकवायचे, दुपारनंतर काही काम नाही. त्याच्या हाताखालच्या दोघांची नोकरी गेली. वहिनीचे फोन थांबले. आई बोलायची, पण जेवढ्यास तेवढं, पाहुण्याशी बोलावं तसं.

वर्षभरानं आई आजारी पडली तेव्हा दोघे भाऊ तिच्या खोलीत समोरासमोर आले. आई झोपली होती. दादा पिकला होता, वाळला होता. त्यानं पिशवीतून थापाड्याचं एक पुस्तक काढलं. हल्ली वेळ असतो, सगळी वाचून काढली, म्हणाला.

थापाड्या सावरून बसला.

"यात तो इंजिनिअर रागाच्या भरात यानाचं दार उघडतो आणि बाहेर फेकला जातो," दादा हळू आवाजात म्हणाला. "पण दार तू आतल्या बाजूला उघडणारं दाखवलंयस. आत हवेचा दाब असताना ते दार दहा माणसांनी ओढलं तरी हललं नसतं. तो मेलाच नसता."

एवढं बोलून तो आईची औषधाची वेळ झाली का ते बघायला उठला. थापाड्या घरी आला, पुस्तक उघडून बघितलं. दादाचं बरोबर होतं. नव्या आवृत्तीत त्यानं दार बाहेर उघडणारं केलं, आणि इंजिनिअरला मरायला आणखी अर्धं पान दिलं.

आई गेल्यावर दोघांत बोलण्यासारखं काही उरलं नाही.

पुढं तेच रॉकेट पुन्हा उडालं. झडप बदलली होती, पण इंजिन तेच होतं, दादानं उमेदीची सगळी वर्षं घालून उभं केलेलं. थापाड्या पत्रकारांच्या मांडवात बसला होता. वरचा टप्पा पेटला तशी सगळी माणसं उठून उभी राहिली, अनोळखी लोक एकमेकांना मिठ्या मारायला लागले. नव्या प्रमुखानं भाषणात बऱ्याच जणांचे आभार मानले. त्यात दादाचं नाव नव्हतं.

थापाड्यानं पहिल्या पानाची बातमी लिहिली. त्याच्या उत्तम लेखांत ती आजही मोजली जाते. कचेरीतून मुख्य उपसंपादकाचा फोन आला की सगळं फक्कड जमलंय, फक्त इंजिनाचा परिच्छेद जरा मोघम वाटतोय. हे इंजिन मुळात केलं कोणी? एक नाव टाकू या.

मैदानावर लोक अजून नाचत होते. थापाड्यानं दुसऱ्या कानावर हात ठेवला.

"एकाचं नाव घेता येणार नाही," तो म्हणाला. "पुष्कळ लोकांनी मिळून केलंय."

"ठीक आहे," उपसंपादक म्हणाला, आणि पान छपाईला गेलं.