पाटावरचा वॅटमीटर

आमच्या कारखान्यातली सगळ्यात महागाची वस्तू कपाटात कुलुपात असायची. वॅटमीटर. किती वॅट वीज खर्च होतेय ते अचूक मोजणारा, पुण्याहून प्रमाणपत्रासकट आलेला, काचेवरचं प्लास्टिकसुद्धा न काढलेला. वर्षातून एकदा, खंडेनवमीला, मालक त्याला पाटावर बसवायचे, हळदकुंकू वाहायचे, नारळ फोडायचे आणि पुन्हा कुलूप. वापरला की बिघडतो, असं त्यांचं म्हणणं.

धाराशिवच्या त्या शेडमध्ये आम्ही भाड्याच्या खोल्यांना लावायचे वीजमीटर बनवायचो. आयटीआय करून मी तिथं लागले तेव्हा वर्षभर मला खोकी चिकटवायला बसवलं होतं. मग मीटरमधल्या बोर्डांना अचूक मोजायला लावणारा, म्हणजे कॅलिब्रेशन करणारा माणूस काम सोडून गेला आणि मालकांनी नाइलाजानं मला त्याच्या खुर्चीत बसवलं.

काम सोपं होतं. बोर्डावर दोनशे वॅटचा जुना पिवळा बल्ब लावायचा, केबलनं बोर्ड लॅपटॉपला जोडायचं आणि पडद्यावरच्या काळ्या खिडकीत हुकूम टाइप करायचा: डब्ल्यू, बरोबरचं चिन्ह, दोनशे, एंटर. म्हणजे, बाबा रे, आत्ता तुझ्यातून जातेय ती वीज दोनशे वॅट समज. बोर्ड उत्तर द्यायचं, ‘ओके’. मग ‘सेव्ह’ लिहिलं की तो आकडा त्याच्या डोक्यात कायमचा बसला. शेवटी तपासणीच्या कागदावर सही. सही माझी.

आठवड्यानं एका दुपारी पंखा रडतखडत फिरत होता आणि बल्बही मलूल दिसला. व्होल्टेज मोजलं तर एकशे अठ्ठ्याण्णव. बल्ब दोनशे वॅट खातो तो दोनशे तीस व्होल्टवर. म्हणजे तो तेवढी वीज खातच नव्हता आणि मी बोर्डाला खुशाल दोनशे पढवत होते. गंमत म्हणून पाचशे टाइप केले. ‘ओके’. त्याला काय, ते हुकमाचं ताबेदार.

मी स्वतः भाड्याच्या खोलीत राहत होते. मीटरचा आकडा फुगला की घरमालकीण आधी माझ्या इस्त्रीकडं बोट दाखवायची. आता तसलाच फुगलेला आकडा माझ्या सहीनं दुसऱ्यांच्या खोल्यांत जाणार होता. मला राग आला, मालकांचा आणि त्याहून जास्त स्वतःचा.

“मालक, कपाटाची किल्ली द्या. बल्ब खोटं बोलतोय.”

“धा वरसं ह्याच बल्बावर काम चालतंय. लिवलंय न्हवं त्याच्यावर दोनशे? आन् त्यो मीटर पूजेचा हाय.”

“मग मी सही करणार न्हाय.”

“नसंल करायची तर घरचा रस्ता धर.”

नोकरी गेली असती तर खोली गेली असती, आणि पुन्हा गावी, अणदूरला जाऊन पाहुण्यांसमोर पोह्यांचा ट्रे धरावा लागला असता. तरी आठवड्याचे सगळे कागद मी त्यांच्यासमोर ठेवले. माझ्या सह्या काट मारून खोडल्या.

“तुमी करा सही. तुमची.”

मालकांनी पेन उघडलं. पहिला कागद वाचला, दुसरा वाचला. पेन बंद केलं आणि किल्ली टेबलावर आपटली.

प्लास्टिक मीच ओढून काढलं. बटणांच्या फटीतलं वाळकं कुंकू नखानं खरवडलं. मीटर जोडला. एकशे एकोणसाठ वॅट.

“ह्योच बिघडला असंल,” मालक म्हणाले.

मी मल्टिमीटरनं व्होल्ट मोजले, अँपिअर मोजले आणि त्यांच्यासमोर गुणाकार मांडला. जवळपास तोच आकडा आला. मग आठवडाभरात भरलेली, मीच पूर्वी चिकटवलेली खोकी फोडली आणि एकेक बोर्ड बाहेर काढून वॅटमीटर दाखवेल तो आकडा त्याला नव्यानं पढवला. त्या कामाला तीन दिवस लागले. मालक तीन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

खंडेनवमीला ते टेबलाशी आले. “मीटर दे. पूजा मांडलीय.”

“कामात हाय त्यो.”

“मग पाटावर काय ठिवू?”

मी जुना बल्ब काढून त्यांच्या हातात दिला आणि होल्डरात नवा लावला. “धा वरसं राबलाय. बसू द्या आता.”

त्यांनी बल्ब नेऊन पाटावर ठेवला. मग बल्बाला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला आणि खोबऱ्याचा पहिला तुकडा माझ्या टेबलावर, मीटरशेजारी आणून ठेवला. मी आधी हातातल्या बोर्डाला ‘सेव्ह’ लिहिलं, कागदावर सही केली आणि मग खोबरं खाल्लं.