नवरदेवाचा डावा पंख

वणीच्या अलीकडे, पाटाला लागून असलेल्या वस्तीवर सावळीराम गांगुर्डे राहतात. धंदा फेटे बांधण्याचा. एकतीस वर्षांत त्यांनी निवडून आलेली डोकी बांधली, पडलेली बांधली. फेट्याच्या आत दोन्ही सारखीच लागतात असं त्यांचं मत आहे. ते मत ते लग्नसराई संपल्यावरच सांगतात.

त्यांचा नियम एकच. कानाच्या वर एक बोट आत गेलं पाहिजे. दोन गेली तर फेटा वरातीत पडतो, एकही गेलं नाही तर मंगलाष्टकं चालू असताना नवरदेव पडतो. या मधल्या जागेला कुणी कला म्हणतं. सावळीराम तिला बोट म्हणतात.

फेटेवाला लग्नात सगळ्यांच्या आधी पोचतो आणि जेवायला मात्र बसत नाही. पंगत बसते तेव्हा कुणाच्या तरी काकांचा फेटा सुटलेला असतो, आणि दुपारनंतर दुसऱ्या लॉन्सवर दुसरं लग्न असतं. म्हणून यजमान त्याच्या हातात पिशवी देतात. पुरी, मसालेभात, वर बुंदी. ती पिशवी हा सावळीरामांचा मान. घरी आल्यावर ते ती गाडीच्या हँडलला तशीच लटकत ठेवून दारात जरा उभे राहत, शेजाऱ्यांना दिसेल इतपत.

अडचण एवढीच, की पिशवी खायला घरात कोणी नव्हतं. मुलगी सासरी. बायकोला, सगुणाबाईंना, तीन वर्षांपासून शुगर. तिच्यासमोर बसून गोड खाणं सावळीरामांच्या जिवावर येई.

यंदा चैत्रात सगुणाबाईंच्या घोटीच्या भावानं राजहंसाची चार पिल्लं आणून दिली. राजहंस असले की साप येत नाही, असं म्हणतात. सापाला हे कोणी विचारलेलं नाही. पुस्तकांतला राजहंस दूध आणि पाणी वेगळं करतो. गांगुर्ड्यांच्या अंगणातला बुंदी आणि भात वेगळा करू लागला, आणि आधी बुंदी खाऊ लागला. वैशाखात लग्नाच्या तिथी दाट होत्या, रोजची पिशवी पिल्लांपुढं रिकामी होई. पिल्लं दिवसागणिक वाढताना दिसत. त्यांतलं सर्वांत खादाड सगुणाबाईंच्या मागे मागे मान ताठ करून चाले. त्याचं नाव त्यांनी नवरदेव ठेवलं.

सहाव्या आठवड्यात नवरदेवाचा डावा पंख टोकाशी बाहेर वळला. बाकी अंग मिटलेलं, आणि शेवटची पिसं अशी आडवी निघालेली, जणू कोणी खोचून ठेवलीत.

“तुरा आलाय त्याला,” सावळीराम कौतुकानं म्हणाले. “फेटेवाल्याच्या घरचं हे ना.”

दोन दिवसांत बाकीची तिघं त्या तुऱ्याला टोचू लागली. पिसं जमिनीला घासून रक्त आलं. रस्त्यावरच्या हॉटेलचा जयराम कुंपणापाशी येऊन पाहून गेला.

“मामी, खोड हे त्याच्यात. ते काय साप पळवणार? द्या इकडं, मसाल्याचं मी बघतो.”

“तुझ्या खाटेला एक पाय कमी हे, तिला कापली का रे तू?” सगुणाबाई म्हणाल्या. पण त्याच संध्याकाळी त्यांनी नवऱ्याला सांगितलं, की उद्या डॉक्टरकडं न्यायचं. नवरदेव हॉटेलात जाणार नव्हता.

जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टर मोहिनी खैरनार एका म्हशीत गुंतलेल्या होत्या. हात धुऊन त्यांनी पिल्लाला काखेत घेतलं आणि पंख अलगद उघडला.

“हे मनगट. याच्या पुढचा भाग पिळलाय. पिसांच्या मुळाशी या निळ्या नळ्या दिसतात ना? त्यांत रक्त भरलेलं असतं, जड असतात. हाड अजून कोवळं, त्याला वजन पेलत नाही. इंग्रजीत एंजल विंग म्हणतात, देवदूताचा पंख.”

रोगाचं नाव लग्नपत्रिकेवर शोभण्यासारखं होतं.

“वाढ फार वेगानं झालीय. काय खायला घालता?”

सावळीराम छताकडे पाहू लागले.

“सांगा की,” सगुणाबाई म्हणाल्या. “मेनू सांगा मॅडमला.”

“बुंदी,” सावळीराम म्हणाले. “पुरी. मसालेभात. परवा जिलबी होती, पण ती थोडीच.”

“फिरायला सोडता?”

“खुराड्यातच. कुत्री हायत वस्तीवर.”

“कधी कधी हे रक्तातूनही येतं,” डॉक्टर म्हणाल्या, “पण तुमचा मेनू ऐकल्यावर तिकडं जायला नको.” त्यांनी पंख बसल्या जागी जसा मिटतो तसा मिटवला आणि तेवढ्याच पंखाभोवती पट्टी गुंडाळली. “छातीवरून बांधायचं नाही, श्वास अडकतो. रोज बघायचं. चार-पाच दिवसांनी सोडायचं. हिरवं गवत, पाला, आणि भरपूर चालवायचं. हाड पक्कं झालं की मग जन्मभर असंच राहील, तेव्हा जे काय ते या आठवड्यात. आणि बुंदी चालू ठेवायची असेल तर पट्टी वाया घालवू नका.”

परत येताना सावळीरामांनी गाडी नेहमीपेक्षा जोरात हाणली. बायकोनं दवाखान्यात, म्हशीवाल्यांच्या देखत, मेनू काढला होता.

दुसऱ्या दिवशी नवरदेवानं चोचीनं पट्टी काढून टाकली. सगुणाबाईंनी साडीची किनार फाडून घट्ट बांधली. सकाळी पाहतात तो पंख सुजलेला. त्यांनी किनार सोडली आणि पिल्लाला मांडीवर घेऊन तशाच बसून राहिल्या. डोळे पुसले नाहीत, कारण दोन्ही हात गुंतले होते.

सावळीरामांनी हे ओट्यावरून पाहिलं. आत जाऊन ट्रंकेतून मलमलीचा जुना मोतिया फेटा काढला. एकतीस वर्षांत त्यांनी फेट्याला कात्री लावली नव्हती. त्यांनी वीतभर रुंदीची पट्टी कापली.

“सूज उतरू दे. दुपारी बांधू.”

“तुम्हाला जमंल?”

“आमदार हलतो ह्याच्यापेक्षा जास्त.”

दुपारी त्यांनी पंख मिटवला, बाहेर पळणारी पिसं आत घेतली, आणि पदर खोचतात तसं टोक आत असं दडवलं की चोचीला सापडू नये. शेवटी करंगळी आत सरकवून पाहिली. गेली. नवरदेवानं दोनदा मान वळवली, टोक शोधलं, आणि नाद सोडला.

रोज सकाळी सगुणाबाई चौघांना पाटाच्या कडेला हराळीत चारायला नेत, काठी घेऊन, कुत्र्यांसाठी. पट्टी रोज तपासली जाई. पाचव्या दिवशी सावळीरामांना एका लग्नाचं काम होतं.

पंगत बसली तसा दत्तू आचारी पिशवी घेऊन आला. “मामा, तुमचा मान.”

“आज नको.”

दत्तूच्या चेहऱ्यावरून सावळीरामांना कळलं, की आपण काय करून बसलो. लग्नात पिशवी नाकारणं म्हणजे रुसणं. ते पुढचं वाक्य जुळवीपर्यंत मुलीचे वडील किशोरराव धावत आले. त्यांचाच फेटा सुटत होता.

“मामा, काय चुकलं आमचं? पोरीचं लग्न हे.”

“रुसलो नाय हो. राजहंसाचा पंख उलटलाय.”

“कुणाचा?”

“घरच्या राजहंसाचा. बुंदीमुळं.”

“माझ्या बुंदीत काय निघालं?” दत्तू म्हणाला.

“बुंदी लय चांगली हे, तोच तर घोळ हे! मला कोबीची वरची पानं द्या. टाकलेली.”

“बघा,” मागून कुणीतरी म्हणालं, “टाकलेलं मागतायत. लय लागलंय मनाला.”

किशोररावांनी हात जोडले. सावळीरामांनीही जोडले. शेवटी किशोररावांनी गोणीभर कोबीची पानं स्वतः धुऊन भरली, वर टोपी-उपरणं ठेवलं, आणि कुठलाच राग राहू नये म्हणून वर बुंदीचा डबा ठेवला. तो नाकारण्याची हिंमत सावळीरामांत उरली नव्हती.

चारला घरी पोचले तेव्हा सगुणाबाई नवरदेवापाशी बसूनच होत्या. “पट्टी तुम्हीच सोडा.”

त्यांनी टोक काढलं, वेढे उलगडले. नवरदेव उभा राहिला. दोन्ही पंख फडफडवले, उजवा मिटला. डावा थोडा वेळ उघडाच राहिला. मग तोही मिटला. एक पीस मात्र किंचित बाहेर होतं. सावळीरामांनी शेजारी करंगळी धरून पाहिलं.

“एवढं तर कुणाचंही असतं,” ते म्हणाले.

सगुणाबाईंनी कोबीची पानं अंगणात पसरली. चौघं तुटून पडली. मग त्यांनी गोणीवरचा डबा उचलला, नवऱ्याला पाटावर बसवलं आणि ताटात बुंदी वाढली.

“अगं, तुझ्यासमोर कशी खाऊ? तुला चालत नाय.”

“मला खायची नाय, वाढायची हे. एकतीस वर्षं पंगतीत बसला नाय तुम्ही. बसा.”

सावळीराम पाठ अंगणाकडे करून बसले, नवरदेवाला दिसू नये म्हणून. पहिला घास घेतला.

“घ्या अजून,” सगुणाबाई म्हणाल्या.