मी न सांगितलेलं वाक्य

फोन आला तेव्हा मी कपाटाच्या कप्प्यांत नवे कागद अंथरत होते. "माई, बाई गेल्या," कुमुदची विद्यार्थिनी शेवंता एवढंच बोलली. मी उरलेले दोन कप्पे पुरे केले आणि मगच खाली बसले... त्याला आता सहा आठवडे झाले. बाळांनो, कुमुदआजी कशी होती, असं तुम्ही नातवंडं तिकडून फोनवर विचारता. ती माझी धाकटी बहीण, आणि मी जन्मभर तिचा हेवा केला.

यवतमाळच्या कॉलेजात इंग्रजीत पहिली मी यायचे, गॅदरिंगच्या नाटकात टाळ्या ती घ्यायची. माझं अक्षर सुबक, म्हणून मला वही देऊन विंगेत बसवलं, प्रॉम्प्टिंगला, कुणी वाक्य विसरलं तर आतून हळूच सांगायला. पुढे ती मुंबईला गेली, नाटकं केली, सिनेमांत नायिकेची मावशी-आत्या झाली, स्वतःचा एक छोटा सिनेमाही काढला. मी नेरच्या शाळेत इंग्रजी व्याकरण शिकवलं. आमचे वडील, दादा, येईल त्या पाहुण्याला तिचा फोटो दाखवत. माझं बी.एड.चं प्रमाणपत्र आतल्या खोलीत होतं.

कापसाचं सगळंच बिनसलं त्या वर्षांत ती दिग्रसला, आमच्या गावी, परतली आणि बंद पडलेल्या जिनिंगच्या शेडमध्ये मुलींना नाटक शिकवू लागली. "ताई, वही तूच धर. दुसऱ्या कुणाचा भरवसा नाही." मी गेले. लांबून हेवा करण्यापेक्षा जवळून केलेला बरा!

नाटक होतं कापूस खरेदी केंद्राबाहेर गाडीजवळ चार दिवस थांबलेल्या बाईचं. ती बाई कुमुदच. तिची आणि माझी, दोन्ही वह्या मीच उतरवल्या होत्या. पहिल्या प्रयोगाला शेड गच्च भरली. शेवटी नवरा आतून परत येतो आणि ती विचारते, "भाव काय निघाला?" कुमुद नेमकं तेच विसरली. तिने विंगेकडे किंचित कान केला. वाक्य माझ्या बोटाखाली होतं. मी ओठ मिटून घेतले... एकदा तरी तिचं चुकावं, सगळ्यांदेखत चुकावं, एवढंच मला हवं होतं.

ती त्याच्याकडे नुसती बघत राहिली. शेडमध्ये कुणी खोकलंही नाही. मग मागून एका म्हातारीचा आवाज आला, "सांग नं गा बापा, भाव काय निघाला?" नवरा झालेल्या पोरीने मान खाली घातली, आणि बायकांनी डोळ्यांना पदर लावले.

"बाई, तुमी चूप राह्यल्या न, मले तं रडूच आलं," शेवंता नंतर म्हणाली. कुमुद माझ्याकडे वळली. "ताई, डुलकी लागली होती का गं?"

"चष्म्यावर धूळ बसली होती," मी म्हटलं. ती हसली.

पुढे प्रत्येक प्रयोगात ती तिथे थांबायची. घाटंजी असो की नेर, प्रेक्षकांतून कुणीतरी ते वाक्य बोलायचंच. लोक त्या शांततेसाठी येऊ लागले. माझ्या लबाडीलाही टाळ्या पडल्या, त्या तिच्या नावावर. मला ते सहन होत नव्हतं आणि कबूल करायची हिंमतही नव्हती.

मागच्या आठवड्यात शेवंताने कुमुदची वही आणून दिली. माझ्या सुबक अक्षरातल्या त्या वाक्यावर तिची आडवी रेघ. शेजारी तिचं वाकडंतिकडं अक्षर, खाली पहिल्या प्रयोगाची तारीख: 'इथं थांबायचं. ताई सांगणार नाही.'

म्हणजे तिला त्याच दिवशी कळलं होतं. आणि तरी पुढे कितीतरी वर्षं, प्रत्येक प्रयोगाआधी, तिने वही माझ्याच हातात दिली...

दोन्ही वह्या आता नव्या कागदावर, वरच्या कप्प्यात शेजारी ठेवल्या आहेत. एवढं मन तिला कुठून मिळालं? एकाच घरात वाढलो होतो आम्ही. त्याचाही मला हेवाच वाटतो.