सत्तेचाळीस टक्क्यांवरचा नवस

माझ्याकडे विजेवर चालणारी स्कूटर आहे हे कळलं की प्रत्येक जण एकच प्रश्न विचारतो. जालना रोडच्या सिग्नलला शेजारी थांबलेला अनोळखी माणूससुद्धा हेल्मेटची काच वर करून विचारतो, "एका चार्जिंगमध्ये किती जाते हो?" पूर्वी या प्रश्नाने माझी छाती फुगायची. हल्ली मी उत्तर फार जपून देतो. या एका आकड्यावरून फुशारकी मारल्याबद्दल मला शिक्षा झाली आहे. त्या शिक्षेलाच मी माझ्या आयुष्यातली कृपा मानतो, आणि ते का, हे सांगायचं तर आधी एक पाप कबूल करावं लागेल.

तीन वर्षांपूर्वी आईच्या हृदयाची शस्त्रक्रिया झाली. ती आत होती आणि मी बाहेरच्या बाकावर. त्या चार तासांत मी खुलताबादच्या भद्रा मारुतीला बोललो, की आई धड घरी आली तर तुझ्यापर्यंत पायी येईन. आई घरी आली. पुढच्या हनुमान जयंतीला अर्धं शहर चालत निघतं, तसा मीही उस्मानपुऱ्यातल्या आमच्या गल्लीतल्या मंडळींबरोबर निघालो. दौलताबादपर्यंत चाललो, हे खरं आहे. किल्ल्याशी पोचलो तेव्हा टाच दुखत होती, समोर घाट होता, आणि गर्दीत मंडळी पुढं गेली होती. तेवढ्यात एक जीप थांबली. तोंडाला रुमाल बांधून मी तीत बसलो. देवळाच्या बराच अलीकडे उतरलो आणि तिथून मात्र चांगला लंगडत गेलो.

आमचा मारुती उभा नाही, आडवा निजलेला आहे. त्याच्यापुढे हात जोडताना माझ्या मनात आलं, की हा तर झोपलेला आहे, याला कुठं कळलंय. असं माझ्या मनात खरोखर आलं होतं आणि ते लिहून टाकल्याशिवाय पुढं जाता येणार नाही.

त्या संध्याकाळी आई तेल कोमट करून आली आणि माझे पाय तिनं मांडीवर घेतले. मी नको नको म्हणत होतो. तिनं तळवे चोळले, बोटांमधून अंगठा फिरवला आणि विचारलं, "फोड नाय आले रे?" मला फोड येत नाहीत, असं मी सांगितलं. ती तेल चोळत राहिली. दुसऱ्या दिवसापासून मात्र गल्लीत भेटेल त्याला ती सांगू लागली, की माझा मुलगा माझ्यासाठी खुलताबादला चालत गेला. ती सांगायची आणि मी शेजारी उभा राहून चपलेकडं बघायचो. असं दोन वर्षं चाललं.

पुढं मी ही स्कूटर घेतली. चिकलठाण्याला एका कारखान्यात तयार मालाची मापं तपासण्याचं काम मी करतो. घर ते कारखाना आणि परत, एवढ्या रोजच्या धावपळीला स्कूटर उत्तम आहे. अडचण फक्त चार्जिंगची. आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो. स्वयंपाकघराच्या खिडकीतून खाली पार्किंगपर्यंत वायर सोडावी लागते. पहिल्या आठवड्यात खालच्या वहिनींनी तिच्यावर दोन टॉवेल वाळत घातले होते. तरी मी नवा भक्त जसा दारोदार सांगत फिरतो तसा सांगत फिरत होतो. धूर नाही, आवाज नाही, एका चार्जिंगमध्ये शंभर किलोमीटर. शंभर हा शोरूमवाल्याचा आकडा होता. माझ्या अनुभवात तो ऐंशीच्या पुढं कधी गेला नव्हता. पण शंभर म्हणायला बरं वाटायचं.

आई म्हणाली, नवीन गाडी आधी भद्रा मारुतीला न्यायची. दिवाळीनंतरचा शनिवार ठरला. माझ्या मेव्हण्यानं स्वतःच्या गाडीतून सोडण्याची तयारी दाखवली, ती मी उडवून लावली. तो म्हणाला, "दाजी, वाटेत बंद पडली तर फोन करा. मी पाच लिटरचा कॅन घेऊन येतो. पण तुमच्यात ओतायचं कुठं, तेवढं सांगून ठेवा." सगळे हसले. मी त्याला साठ किलोमीटरच्या जाण्यायेण्याचं गणित तोंडी करून दाखवलं.

शनिवारी सकाळी खाली आलो तर गाडीवरचा चार्जिंगचा आकडा सत्तेचाळीस टक्के होता. आई झोपण्याआधी घरभर फिरून दिसेल ते बटण बंद करते, ही तिची चाळीस वर्षांची सवय. वायरचं बटणही त्या फेरीत गेलं होतं. दिवसभर मापं तपासणाऱ्या माणसानं समोरचं माप वाचून काय करायचं, हे सांगायला नको. पण समोर मेव्हणा मुद्दाम निरोप द्यायला आला होता, आणि आई नारळाची पिशवी घेऊन मागच्या सीटवर बसलीही होती. तिचा शनिवार होता. नारळ फुटल्याशिवाय ती पाणीही घेणार नव्हती. मी आकड्यावर रुमाल टाकला आणि म्हणालो, "फुल आहे."

पडेगाव, मिटमिटा मागं पडलं. रुमालाची कड उचलून बघत होतो, तर आकडा माझ्या अपेक्षेपेक्षा बराच जोरात उतरत होता. दोन माणसं, समोरचा वारा आणि माझी घाई. दौलताबादला तो एकवीसवर आला. किल्ल्याचा दरवाजा ओलांडून घाटाला लागलो, तिसऱ्या वळणाला नऊ झाले आणि आकड्याशेजारी एक कासव उगवलं. या गाडीत वीज संपत आली की कासवाचं चित्र येतं आणि गाडी कासवासारखीच चालते. एक म्हातारा शेळ्या घेऊन आमच्या पुढं निघून गेला. आई मागून म्हणाली, "फुल हाय ना?" मी गाडी वळवली. उतारावरून परत येताना आकडा एकानं वाढला, तेव्हा मला रडू यायचं बाकी होतं.

किल्ल्याच्या पायथ्याशी चहा आणि सीताफळांचं एक दुकान आहे. तिथले चाचा कासवाकडं बघून म्हणाले, "याला मी ओळखतो. दिवाळीपासून तुम्ही चौथे." मग त्यांनी मला काहीही न विचारता दुकानातल्या फ्रिजची पिन काढली, माझ्या चार्जरची लावली आणि आईला म्हणाले, "अम्मा, बैठो. तीन-चार घंटे तो लगते." त्या फ्रिजमध्ये त्यांचं दूध होतं, हे मला नंतर कळलं. दूध त्यांनी तिथल्या तिथं उकळून घेतलं.

आई बाकावर बसली. चाचांनी चहा पुढं केला, तो तिनं हात जोडून नाकारला आणि कारण सांगितलं. कारणावरून गोष्ट माझ्यावर आली. माझा हा मुलगा माझ्यासाठी घरापासून देवापर्यंत चालत गेला होता, असं ती सांगू लागली. चाचा खूश झाले. त्यांनी कौतुकानं मला विचारलं, "घाट कैसा लगा? मधल्या पाणपोईवर थांबला असाल." मी त्या घाटात कोणतीच पाणपोई पाहिली नव्हती. जीपच्या मागच्या फळीवर डोळे मिटून बसलो होतो. आई माझ्याकडं बघत होती. तिचे ओठ सुकलेले होते, आणि ते माझ्या खोटेपणामुळं सुकले होते.

मी म्हणालो, "आई, मी इथपर्यंतच चाललो होतो. पुढं जीपनं गेलो."

चाचा वळून सीताफळं रचू लागले. रचलेलीच होती ती.  आईनं त्यांना विचारलं, "खुलताबादची एसटी कधी येती, भाऊ?" आता येईलच, असं ते म्हणाले. आईनं पिशवी उचलली. "मला तिकीट माफ हाय," ती मला म्हणाली. "मी एसटीनं जाते. तू चालत ये. नारळ तुझ्या हातानं फुटंल, मग मी पाणी घेईन."

मी गयावया केली. तुझं हृदय, तुझं वय, माझा नवस मी पुढच्या शनिवारी फेडतो. तेवढ्यात एसटी आलीच आणि चाचांनी तिला हात देऊन चढवलं. आईला पाणी मिळायचं असेल तर मला तो घाट चढावा लागणार होता, दुसरा मार्ग नव्हता.

मी घाट कसा चढलो ते आठवत नाही. एवढं आठवतं, की पहिला अर्धा तास मी देवाशी भांडत होतो, पुढचा अर्धा तास शोरूमवाल्याशी, आणि त्यानंतर भांडायला कुणी उरलं नाही. नवी सँडल होती. डाव्या टाचेवर आधी जळजळ झाली, मग ओलसर लागलं. मधल्या वळणावर ती पाणपोई खरोखर होती. मी तोंडापर्यंत पेला नेला आणि आईची आठवण होऊन परत ठेवला. दोन जीपवाले थांबून "बसा साहेब" म्हणाले. दुसऱ्याला मी हात जोडले. त्या हात जोडण्यात मला जे हलकं वाटलं, ते मागच्या दर्शनात वाटलं नव्हतं. आपल्यात शंभर नाही, ऐंशी नाही, आता सात-आठच उरलेत, असं मी स्वतःशी म्हणालो आणि तेवढ्यावर पाय टाकत राहिलो. कासवाचा मला आता राग येत नव्हता.

देवळाच्या पायरीवर आई बसली होती. शेजारच्या दोन बायकांना ती काहीतरी सांगत होती, मला बघून थांबली. मी नारळ फोडला. नारळाचं पाणी ती ओंजळीत घेऊन प्याली, तेव्हा कुठं उरलेलं मी प्यालो. शनिवार म्हणून तिनं मारुतीसाठी तेलाची बाटली आणली होती. तेल घातलं, तरी तळाशी बोटभर ठेवलं. बाहेर येऊन ती म्हणाली, "पाय दाव." भर गर्दीत मी सँडल काढली. टाचेवरचा फोड तिनं चष्मा सावरून नीट पाहिला.

"आत्ता आला," ती समाधानानं म्हणाली आणि उरलेलं तेल भोवतीनं लावू लागली. "मागच्या टायमालाच कळलं व्हतं. चालून आलेल्याचे तळवे असे लोण्यावानी असत्यात व्हय?"

मग दोन वर्षं गप्प का राहिलीस, उलट गल्लीभर माझं कौतुक का केलंस, असं मी विचारलं. ती म्हणाली, "कधी ना कधी तुला लाज वाटंल म्हणून."

आदल्या रात्री वायरचं बटण तिनं मुद्दाम बंद केलं होतं का, हे मी भीत भीत विचारलं. ती माझ्याकडं बघतच राहिली. "ते मी रोज बंद करते. पर सकाळी किती हाय ते तुला दिसलं व्हतं ना?"

परत एसटीनं दौलताबादला आलो. गाडी त्र्याण्णववर होती. चाचांनी विजेचं काही घेतलं नाही. प्रसादाच्या खोबऱ्याचा मात्र घरच्यांसाठी आणखी एक तुकडा मागून घेतला. संध्याकाळी मेव्हण्याला मी सगळं खरं सांगितलं. तो हसेल असं वाटलं होतं, आणि तो हसलाच, बराच वेळ.

साध्या माणसाला ही गाडी परवडते का, असं आता कुणी विचारलं तर सांगतो, की परवडते. रोजच्या कामाला चांगली आहे, घाटाला जाताना मात्र पूर्ण भरून निघावं, आणि आकड्यावर रुमाल टाकू नये. हीच गोष्ट मला देवाच्या बाबतीतही लागू वाटते. त्याच्यापुढं जाताना फार काही न्यावं लागत नाही. असेल तेवढं उघडं ठेवलं तर पुढचा रस्ता तो बघतो, कधी फ्रिजची पिन काढून, कधी एसटी पाठवून. निजलेला आहे असं मात्र समजू नये.

आई अजूनही झोपण्याआधी घरभर फिरून बटणं बंद करते. स्वयंपाकघरातल्या त्या एका बटणापाशी मात्र थांबते आणि तिथूनच मला विचारते, "किती झालं रे?" मी खाली जातो, बघतो, आणि जेवढं झालं असेल तेवढंच सांगतो.