आईच्या सोल्डरिंगवरचा खेळ

फुकटचा खेळ खरंच फुकट असतो का? परवा रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात सोल्डरिंगचा धूर नाकात गेला आणि नव्वदच्या दशकातली आमची डोंबिवलीची खोली आठवली.

आई व्हिडिओ गेमच्या रिमोटच्या तारा घरी सोल्डरिंगने जोडून द्यायची. गेम घेण्याची ऐपत नव्हती, पण रिमोट तपासायला, काम देणाऱ्या शेठने दिलेल्या सेटवर मी मनसोक्त खेळायचो.

“आई, पंखा लाव ना!”

“वाऱ्याने सोल्डर थंड होतं रे. तू बटणं बघ, आणि लवकर मरू नकोस!” ती हसली, मग खोकत राहिली.

चाळीत माझ्याएवढं नशीबवान कुणी नाही, असं तेव्हा वाटायचं. आज तिला चार पायऱ्यांत धाप लागते.

तुमच्या शेजारी कुणी बाई असं काम करत असेल, तर धूर बाहेर ओढणारा पंखा मागायला तिच्यासोबत शेठकडे जा. ती एकटी मागणार नाही.